हुबळी ते मुंबई : आकाशातील अंतर आणि पेढीचा वेळ

आमच्या पेढीवर येणारा परगावचा पाहुणा चहाचा पेला हातात घेता घेता एक प्रश्न हटकून विचारतो, "मुंबई इथून किती लांब?" आणि त्यास पेढीवरील चार माणसांकडून चार उत्तरे मिळतात. मुनीमजी म्हणतात, "एक रात्र." मोटार चालविणारा म्हणतो, "पावणेसहाशे किलोमीटर." रेल्वेने माल पाठविण्यात ज्यांची हयात गेली ते म्हणतात, "सातशेच्या वर." आणि कॉलेजात शिकणारी नातवंडे हातातील फोनकडे पाहून सांगतात, "सव्वा तास." गंमत अशी की, ही चारही उत्तरे खरी आहेत. परंतु एकाच खात्याच्या चार निरनिराळ्या बाक्या निघाल्या म्हणजे वही पुन्हा तपासावयास घ्यावी, अशी आपणां व्यापाऱ्यांची रीत आहे. प्रस्तुत लेखात तीच तपासणी करावयाचे योजिले आहे.

प्रथम आकाशातील अंतर घेऊ. पृथ्वी गोल असल्यामुळे दोन गावांमधील सर्वांत जवळची वाट म्हणजे त्या गोलावर घट्ट ताणून धरलेला दोरा होय. शास्त्रात त्यास बृहद्वृत्त असे म्हणतात. मुंबई ते न्यूयॉर्क अशा लांबच्या प्रवासात हा दोरा सपाट नकाशावरील सरळ रेघ सोडून बराच उत्तरेकडे सरकतो. हुबळी-मुंबईच्या बाबतीत मात्र दोरा आणि रेघ यांत फरक जवळजवळ नाहीच, म्हणून हे अंतर शाळकरी मुलांसही काढता येईल. दिवाळीच्या सुटीत घरातील मुलांना हे गणित अवश्य घालावे.

हुबळीचा विमानतळ 15 अंश 21 कला उत्तर अक्षांशावर आणि 75 अंश 5 कला पूर्व रेखांशावर आहे. मुंबईचा सांताक्रूझचा विमानतळ 19 अंश 5 कला आणि 72 अंश 52 कला येथे आहे. अक्षांशांतील फरक 3 अंश 44 कला, म्हणजे 224 कला. अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल, आणि सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. (खलाशांनी हे माप उगाच निवडले नव्हते, नकाशाच्या कडेवरच त्यांची मोजपट्टी तयार असे.) म्हणजे मुंबई आपल्या उत्तरेस सुमारे 415 किलोमीटर झाली. रेखांशांतील फरक 133 कला. परंतु रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना एकमेकींच्या जवळ येतात, म्हणून येथे पूर्ण माप धरता येत नाही. दोन्ही गावांच्या मधला अक्षांश सव्वासतरा अंशांचा. त्याची कोज्या 0.955. तिने गुणिले असता 127 सागरी मैल, अर्थात सुमारे 235 किलोमीटर मुंबई आपल्या पश्चिमेस आहे असे निघते. आता काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू हातात आल्या. कर्ण काढला की 477 किलोमीटर हे उत्तर मिळते. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, त्याबद्दल एक-दोन किलोमीटर वजा केले म्हणजे 475 च्या घरात आपण स्थिरावतो.

हे अंतर नुसते आकड्यांत न ठेवता नकाशावर पट्टी ठेवून पाहावे, अशी माझी विनंती आहे. हुबळीहून निघालेली रेघ जवळजवळ धारवाडच्या माथ्यावरूनच जाते. पुढे बेळगाव डावीकडे तीसएक किलोमीटरांवर राहते, चिकोडी व निपाणी यांच्या मधून ती पार होते आणि थेट कोल्हापुरावर येते. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांची सोयरीक ज्या गावांशी आहे, नेमकी ती गावे या रेघेखाली ओळीने येतात. कोल्हापुरानंतर ती सह्याद्रीत शिरते. कोयनेच्या जलाशयाच्या परिसरातून आणि महाबळेश्वराच्या पश्चिमेकडून घाट उतरून महाडच्या आसपास कोकणात येते, आणि पेणवरून मुंबईच्या बंदरावर पोहोचते.

आता मोटाररस्ता शंभर किलोमीटरांनी लांब का, हे सहज ध्यानात येईल. कोल्हापूरपर्यंत जुना चार नंबरचा, म्हणजे सांप्रतचा 48 क्रमांकाचा, राष्ट्रीय महामार्ग या रेघेला फारसा सोडत नाही. परंतु रेघ जेथे सह्याद्री ओलांडते तेथे महामार्ग ओलांडीत नाही. तो कराड, सातारा करीत पुण्यास जातो आणि खंडाळ्याच्या घाटाने खाली उतरतो. पुणे आपल्या रेघेपासून सत्तर किलोमीटर पूर्वेस आहे. एवढा हा वळसा.

रेल्वेची कथा याहून निराळी व अधिक मनोरंजक आहे. धारवाड सोडल्यावर आगगाडी लोंढ्यास जाते. लोंढा व धारवाड जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, म्हणजे मुंबईस निघालेला प्रवासी पहिले सत्तर किलोमीटर उत्तरेकडे पाऊलही टाकीत नाही. असे का? तर हा मार्ग आखताना मुंबई डोळ्यांसमोर नव्हती, मुरगावचे बंदर होते. सदर्न मराठा रेल्वे 1882 साली स्थापन झाली. धारवाड भागातील कापूस जवळच्या बंदरास नेऊन जहाजावर चढवावा या हिशेबाने कॅसलरॉक व लोंढा यांवरून हा लोहमार्ग आला, आणि लोंढ्याहून बेळगाव, मिरज करीत पुण्यास जाणारी वाट त्याला मागाहून जोडली गेली. आजही आपण मुंबईस जाताना त्या कापसाच्या गाठींच्या वाटेने थोडे चालून मग वळतो. शिवाय हा सगळा मार्ग मीटर रुंदीचा होता. पुणे-मिरज मार्ग 1971 च्या सुमारास रुंद झाला आणि मिरज-हुबळी रुंद होण्यास नव्वदीचे दशक उजाडले. तोपर्यंत बिऱ्हाडासह उतरून दुसऱ्या गाडीत चढण्याचा सोहळा आधी पुण्यास आणि पुढे मिरजेस होत असे. आमच्या आजी लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन बसत, ती या गाडीबदलाच्या धास्तीनेच.

वेळेच्या हिशेबात त्या काळी आणखी एक गोंधळ असे, तो आज सांगून खरा वाटणार नाही. धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात. पण रेल्वेची घड्याळे मद्रासच्या वेळेवर चालत आणि मुंबई शहर स्वतःची वेळ पाळीत असे. दोहोंत अर्ध्या तासाचे अंतर होते. हुबळीहून मुंबईस जाणाऱ्याचा अर्धा तास मुंबईत उतरताच वाचत असे आणि परतीच्या प्रवासात तो व्याजाशिवाय परत द्यावा लागे. 1 जानेवारी 1906 पासून सर्व देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबईने आपली निराळी वेळ 1955 पर्यंत सोडली नाही. प्रवासास किती वेळ लागतो हे सांगण्यापूर्वी घड्याळ कोणाचे, हे विचारावे लागे.

असो. मूळ विषय विमानाचा. 1932 च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईस टपालाचे विमान आणले, आणि तेथून त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट ते बळ्ळारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. बळ्ळारी म्हणजे आपल्या पूर्वेकडील शेजारच. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1940 साली बंगलोरास विमानांचा कारखानाच उभा केला. आपल्याच समाजातील एका उद्योगपतीचे हे धाडस आपल्या मुलांना माहीत असावे. पण हुबळीस स्वतःचा विमानतळ लाभण्यास 1974 साल यावे लागले. गोकुळ रस्त्यावर राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने तो बांधला. त्याची धावपट्टी सतराशे मीटरांच्या आतबाहेर होती. हुबळीच्या रेल्वे स्थानकातील 2023 च्या मार्चमध्ये सुरू झालेला फलाट 1,507 मीटर लांब असून जगातील सर्वांत लांब म्हणून त्याची नोंद झाली आहे. आपला आजचा फलाट आणि कालची धावपट्टी यांच्या लांबीत फारसे अंतर नव्हते, असे म्हटले तरी चालेल.

धावपट्टीच्या लांबीचा आणि आपल्या प्रवासाच्या वेळेचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे. हुबळी समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरांहून उंच आहे. उंचीवर हवा विरळ, उन्हाळ्यात ती आणखी विरळ. आणि पंखांना उचलून धरण्यासाठी विरळ हवेत विमानाला अधिक वेग घ्यावा लागतो, म्हणजे अधिक लांब धावावे लागते. आखूड पट्टीवर पंख्याची लहान विमानेच येऊ शकत. 2003 साली एअर डेक्कनने हुबळीची सेवा सुरू केली तीही अशाच विमानांनी. पुढे कंपन्या आल्या आणि गेल्या. सेवा कधी असे, कधी नसे, आणि नसे तेव्हा बेळगावची किंवा गोव्याची वाट धरावी लागे. धावपट्टी वाढून सुमारे 2,600 मीटर झाली, 12 डिसेंबर 2017 रोजी नव्या इमारतीचे उद्घाटन झाले आणि 2018 पासून मोठी जेट विमाने नियमाने उतरू लागली. कोल्हापूर भागातील घोडावत समूहाच्या स्टार एअरने तर आपले पहिलेच उड्डाण 25 जानेवारी 2019 रोजी बंगळूर ते हुबळी असे केले.

जेट विमान ताशी आठशे किलोमीटरांहून अधिक वेगाने जाते, पंख्याचे ताशी पाचशेच्या आसपास. तेव्हा 475 किलोमीटरांना जेट विमानास पस्तीस मिनिटे लागावीत. मग वेळापत्रकात सव्वा तास का लिहितात? कंपनी लबाडी करते काय? मुळीच नाही. वेळापत्रकातील वेळ चाकांखालचे ठोकळे काढून विमान जागचे हलल्यापासून दुसऱ्या गावी ते ठोकळे पुन्हा लागेपर्यंत मोजतात. जमिनीवरील सरपटणे त्यात येते. हुबळीस ते थोडे, मुंबईस पुष्कळ. शिवाय पूर्ण उंची गाठावयास वीसएक मिनिटे आणि उतरावयास तितकीच किंवा किंचित अधिक लागतात. एवढ्या जवळच्या प्रवासात विमान वर चढून स्थिर होते न होते तोच उतरू लागते. म्हणूनच जेट आणि पंख्याचे विमान यांच्या वेळांत या मार्गावर दहा-पंधरा मिनिटांहून अधिक फरक पडत नाही. वेगाचा मोठेपणा दिल्लीच्या प्रवासात दिसतो, मुंबईच्या नव्हे.

आणि मुंबईवर आल्यावर काय होते ते खिडकीशी बसणाऱ्यांनी पाहिलेच असेल. खाली पेणची मिठागरे दिसू लागतात, उतरण्याची घोषणा होते, आणि तीच मिठागरे पुन्हा दिसतात. सांताक्रूझच्या विमानतळास दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींस छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. त्या एका पट्टीवर गर्दीच्या तासाला 46 पर्यंत विमाने चढतात-उतरतात, म्हणजे दर ऐंशी सेकंदांच्या आत एक. एखाद्याला उशीर झाला की मागच्या सर्वांना रांगेत थांबणे भाग पडते, आणि आकाशात थांबणे म्हणजे घिरट्या घालणे. वेळापत्रक करणाऱ्यांना हे ठाऊक असल्याने ते थोडी मिनिटे आधीच राखून ठेवतात. एखादे दिवशी रांग नसली तर विमान वेळेपूर्वी पोहोचते, ते याच शिलकीतून.

येथवरचे गणित सोपे आहे. पण मी ते करावयास का बसलो, ते सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बंधूंची, ज्यांना आम्ही घरी दादा म्हणतो, मुंबईस शस्त्रक्रिया व्हावयाची होती. ती दोन दिवसांनी होणार म्हणून मी येथे पेढीची कामे उरकीत होतो. संध्याकाळी सहाच्या सुमारास वहिनींचा फोन आला, की दिवस बदलला असून उद्या सकाळी नऊ वाजता नेणार. माझ्यापुढे दोन मार्ग होते. रात्री आठ वाजता बस होती आणि दुसऱ्या दिवशी विमान होते. मी सव्वा तास आणि अकरा तास यांची तुलना केली आणि क्षणाचाही विचार न करता विमानाचे तिकीट काढले. मनातून समाधानही वाटले, की पैशाकडे पाहिले नाही. विमान सकाळी साडेनऊला निघाले; अगदी वेळेवर, कोणाचा काही दोष नाही. मी इस्पितळात पोहोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. बसने गेलो असतो तर सात-साडेसातला दादांच्या उशाशी असतो.

दादा बरे झाले, आणि आजही पेढीवर येऊन बसतात. पण शुद्धीवर आल्यावर ते म्हणाले, "आत नेईपर्यंत मी दाराकडेच पाहत होतो." दुकानाच्या एका जुन्या देण्याविषयी, जे कागदावर कोठेच नव्हते, त्यांना मला काही सांगावयाचे होते. ते त्यांनी नंतर सांगितले; त्या सकाळी मात्र ते त्यांच्याजवळच राहिले असते तर कोणास कळले नसते. सव्वा तासाचे उत्तर खरे होते, पण माझा प्रश्न 'किती वेळ लागतो' हा नव्हताच. प्रश्न 'किती वाजता पोहोचेन' हा होता.

तेव्हापासून मी प्रवासाची वही दोन पद्धतींनी लिहितो. पहिली उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंतची. दाजीबान पेठेतून गोकुळ रस्त्यावरील विमानतळास जाण्यास अर्धा तास धरावा. धारवाडच्या सभासदांनी एक तास. सामान देण्याची खिडकी उड्डाणापूर्वी तासभर बंद होते, म्हणून दीड तास आधी पोहोचणे आले. विमानाचा वेळ एक तास वीस मिनिटे. मुंबईस उतरून सामान घेऊन बाहेर पडण्यास अर्धा तास. तेथून काळबादेवीपर्यंत मोटारीने, दिवसाच्या वेळेनुसार, एक ते दीड तास. बेरीज पाच तासांच्या आसपास येते. त्यात आकाशातील भाग जेमतेम एक तासाचा! डाकोटा विमाने ताशी पावणेतीनशे किलोमीटरांनी उडत असत. तेव्हापासून वेग तिप्पट झाला, पण पाच तासांतले चार तास त्या वेगाच्या हाती नाहीतच.

दुसरी पद्धत खास आपल्या धंद्याची. तिच्यात तास मोजावयाचे ते पेढीचे, म्हणजे सकाळी दहापासून रात्री आठपर्यंतचे, झोपेचे नव्हेत. रात्री दुकान बंद करून बसमध्ये बसलेला मनुष्य सकाळी मुंबईत उतरतो, तेव्हा पेढीच्या वहीत त्याच्या नावावर शून्य तास पडतात. रेल्वेचे चौदा-पंधरा तास, पण त्यांतलेही बरेचसे रात्रीचे. उलट दुपारी एकचे विमान धरणाऱ्याचा हुबळीचा अकरापासूनचा वेळ गेला आणि मुंबईचा बाजार गाठेपर्यंत चार वाजले. म्हणजे दिवस गेला. सकाळी लवकर जाणारे आणि रात्री परतणारे, अशी दोन विमाने एकाच दिवशी असतील तर मात्र विमानासारखे साधन नाही. मूळजी जेठा मार्केटात माल पाहून, भाव ठरवून मनुष्य रात्री घरच्या अंथरुणात झोपतो. म्हणून आपल्या संघाने विमान कंपन्यांना निवेदन द्यावयाचे झाल्यास ते अधिक वेगवान विमानासाठी नसावे, सोयीच्या वेळेसाठी असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. दुपारची दोन विमाने मिळण्यापेक्षा सकाळचे एक बरे.

भाड्याच्या बाबतीत अंतराचा आकडा निराळ्या रीतीने उपयोगी पडतो. केंद्र सरकारने 2016 च्या ऑक्टोबरात 'उडान' योजना जाहीर केली, तीत सुमारे पाचशे किलोमीटरांच्या, म्हणजे तासाभराच्या, उड्डाणास आरंभी 2,500 रुपयांची मर्यादा घातली. ती निदान निम्म्या आसनांना लागू, आणि कंपनीस येणारी तूट तीन वर्षे सरकारने भरून द्यावयाची. हुबळीहून अनेक गावांस या योजनेखाली विमाने सुटली. पण तीन वर्षांनंतर तूट भरून मिळणे थांबते, आणि मार्ग स्वतःच्या पायांवर उभा राहतो की नाही ते प्रवाशांच्या संख्येवर ठरते. उद्घाटनाच्या दिवशी हार घेऊन जाणारे आपण सर्व त्या मार्गाने वर्षातून किती वेळा गेलो, हे प्रत्येकाने आपल्यापुरते मोजावे.

पावसाळ्याविषयी दोन शब्द. आषाढ-श्रावणात धारवाडकडील ढग इतके खाली येतात की, धावपट्टी दिसत नाही आणि विमान दुसऱ्याच गावी नेऊन उतरवितात. त्या दिवसांत ज्यास कोर्टाची तारीख किंवा लग्नाचा मुहूर्त गाठावयाचा आहे त्याने एक दिवस हाताशी ठेवावा.

चौविहार पाळणाऱ्या आपल्या बंधु-भगिनींस सूर्यास्ताची अडचण नेहमीची आहे, म्हणून तेही येथे नोंदवितो. मुंबई आपल्या पश्चिमेस असल्याने तेथे सूर्य उशिरा मावळावा, हे उघड आहे. परंतु हा फरक वर्षभर सारखा नसतो. ज्येष्ठ-आषाढात मुंबईचा सूर्यास्त हुबळीच्या मागून सुमारे पाव तासाने होतो. मार्गशीर्ष-पौषात मात्र उत्तरेकडे दिवस लहान होत असल्यामुळे तो फायदा जवळजवळ सगळा आटतो आणि फरक दोन-तीन मिनिटांवर येतो. त्या दिवसांत संध्याकाळचे विमान असेल तर विमानतळावर जाण्यापूर्वीच जेवण उरकून घ्यावे. मुंबईस पोहोचून जेवू, हा भरवसा धरू नये. आणि ज्यांस कोणतेही वाहन वर्ज्य आहे अशा आपल्या साधु-साध्वींचा हिशेब तर आजही पावलांचाच आहे. रोज पंधरा किलोमीटर विहार धरला तरी मुंबईहून हुबळीस अडतीस-चाळीस दिवस, आणि चातुर्मासाच्या आत पोहोचावयाचे म्हणून निघण्याची तिथी उलटी मोजून काढावयाची. किती वाजता पोहोचेन, हा प्रश्न आधी विचारण्याची शिस्त आपण खरे तर त्यांच्याकडून घ्यावयास हवी होती.

शेवटी, या हिशेबात अलीकडे झालेला मोठा बदल. तो आकाशात झाला नाही, जमिनीखाली झाला. मुंबईची भुयारी मेट्रो, जिला तिसरी मार्गिका म्हणतात, तिच्या शेवटच्या टप्प्याचे 8 ऑक्टोबर 2025 रोजी उद्घाटन झाले. तिचे एक स्थानक सांताक्रूझ विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलजवळ आणि दुसरे चक्क काळबादेवीस आहे. जेथे मोटारीने दीड तास धरावा लागे तेथे आता पाऊण तासाच्या आत पोहोचता येते, आणि मुख्य म्हणजे ते नक्की सांगता येते. त्याच दिवशी नवी मुंबईच्या विमानतळाचेही उद्घाटन झाले. 25 डिसेंबर 2025 पासून तेथून प्रवासी विमाने ये-जा करू लागली. आपली नकाशावरील रेघ पेणवरून जाते हे ध्यानात असेल, तर हा नवा विमानतळ त्या वाटेवर किती सोयीचा आहे ते सांगावयास नको. वाशीच्या बाजारात मिरची, धान्य, किराणा यांचे काम असणाऱ्यांना तो जवळ पडेल. काळबादेवी, झवेरी बाजारात काम असणाऱ्यांना सांताक्रूझच बरे. तिकिटावर आता नुसते 'मुंबई' एवढे वाचून भागणार नाही, कोणता विमानतळ ते पाहावे. विमानांची वेळापत्रके वर्षातून दोनदा, मार्चच्या व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. दिवाळीच्या आधी जाऊन दिवाळीनंतर परतणाऱ्यांनी दोन्ही पाहून मगच तिकीट काढावे.

गेल्या दिवाळीनंतर दादा तपासणीसाठी मुंबईस गेले. डॉक्टरांची वेळ सकाळी नवाची होती. ते रात्रीच्या बसने गेले. परत येताना मात्र त्यांनी काळबादेवीस भुयारी मेट्रो धरली आणि दुपारच्या विमानाने आले. रात्री जेवताना म्हणाले, की मिठागरे या खेपेस एकदाच दिसली.